डॉक्टर आम्रपालींच्या साखरेत झालेल्या समाधानकारक घटीचा अहवाल

जिल्ह्याची प्रकृती जाणून घ्यायची असेल तर आधी त्या जिल्ह्याच्या डॉक्टरांची प्रकृती पाहावी, असं आमच्या मुख्यालयाच्या परिपत्रकाचं पहिलंच वाक्य आहे. वाक्य गंभीर आहे आणि खरंही असावं, कारण त्याखाली तीन सह्या आहेत. त्या परिपत्रकानुसार मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या धर्मादाय इस्पितळात 'चाळिशीपार महिला चिकित्सक पोषण व चयापचय अभियान' राबवण्यात आलं, आणि सहा महिन्यांत ते इतकं यशस्वी झालं की मुख्यालयाला संशय आला. त्यांनी अहवाल मागवला. मूळ अहवाल हिंदीत आहे. महाराष्ट्रातल्या शाखांसाठी ही मराठी प्रत मीच तयार केली. मी हेमराज, अभिलेख विभागाचा प्रमुख (विभागात मी एकटाच आहे). मराठी माझी घरची, शाळेची नाही, तेव्हा कुठे बोली शिरली असेल तर चालवून घ्या.

आधी पार्श्वभूमी. महिला डॉक्टरांचंही वय होतं, असा शोध मुख्यालयात कोणालातरी लागला. चाळिशीनंतर स्नायू घटतात, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, अंगातून गरम वाफा निघतात आणि साखर वाढते. 'ही बाब आजवर दुर्लक्षित राहिली' असं परिपत्रक म्हणतं. त्यात तथ्य आहे. आमच्याकडे महिला डॉक्टर दोनच: प्रसूती विभागाच्या डॉ. आम्रपाली, वय एकोणपन्नास, आणि लहान मुलांच्या डॉ. श्रुतिका, वय चव्वेचाळीस. दोघींना वय आहे हे आम्हाला अर्जातला रकाना भरतानाच कळलं.

अभियानात आम्हाला खालील गोष्टी प्राप्त झाल्या. चार कप्प्यांची स्टीलची ताटं, नग दोन. वजनकाटा, नग एक (कुलपाची सोय नसल्याने तो भांडारात ठेवला आहे, आणि भांडाराला कुलूप असल्याने तो कोणाला मिळत नाही). भिंतीवर लावायचा आहाराचा तक्ता, ज्यावर एक हिरवं फळ आहे. ते कोणतं यावर राखी सिस्टर आणि माझ्यात अजून एकमत नाही. शिवाय एक सूचनापत्र, त्यात कलम चार असं: 'महिला चिकित्सकांनी रोज रात्री आठ तास अखंड झोप घ्यावी.' हे कलम मी प्रसूती विभागाच्या दारावर लावलं, जेणेकरून जन्माला येणाऱ्यांना पूर्वसूचना मिळावी. पण त्यांच्याकडून सहकार्य मिळालं नाही.

पहिल्याच तपासणीत आम्रपाली मॅडमची तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक दोन निघाली. साडेसहाच्या वर गेली की डॉक्टर लोक कपाळाला आठ्या घालतात; नऊच्या वर गेली की आठ्या घालणारा डॉक्टर आधी खुर्ची पुढे करतो. मॅडमच्या पायाची बोटं वर्षभरापासून बधिर होती. त्या गोष्टीकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण पायाच्या बोटांनी ऑपरेशन करत नाहीत. मग हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. नागपूरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं: गोड बंद करा, सहा महिन्यांत साखर खाली आली नाही तर बोटांची जाणीव जाईल, आणि मग कात्री हातात धरता येणार नाही. खैरलांजीपासून उकव्यापर्यंतच्या अडलेल्या बाया ज्या दोन हातांवर भिस्त ठेवून आमच्याकडे येतात, ते हे हात. म्हणजे प्रश्न साधा नव्हता.

आता साखर आली कुठून, हे सांगणं मला भाग आहे. आमच्याकडे रीत अशी की बाळ झालं की डॉक्टरचं तोंड गोड करायचं. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून चालत नाही. आपल्या हाताने डॉक्टरच्या तोंडात पेढा घालायचा आणि तो तिने आपल्यासमोर गिळायचा. एक पेढा सासरकडून, एक माहेरकडून. जुळं असेल तर चार. वारासिवनीचे राईस मिलवाले काजूकतली आणतात, खाणीतले लोक बुंदीचा लाडू आणतात, आणि लाडू अर्धा भरवणं अपमानाचं समजतात. मॅडम इथे एकोणीस वर्षं आहेत. अभिलेख विभागाच्या हिशेबाने त्यांच्या हातून पंधरा हजार पाचशे ऐंशी बाळंतपणं झाली, म्हणजे किमान एकतीस हजार एकशे साठ पेढे. एक पेढा वीस ग्रॅमचा धरला तर सव्वासहा क्विंटल होतात, जे मॅडमच्या स्वतःच्या वजनाच्या नऊपट आहे. हा आकडा मी मॅडमला दाखवला तेव्हा त्या बराच वेळ हसल्या, आणि मग पाणी प्यायल्या.

यात माझाही थोडा हातभार आहे, तो लपवणं बरं नाही. काही वर्षांपूर्वी कारभार कॉम्प्युटरवर आला. सुट्टीच्या (म्हणजे डिस्चार्जच्या) कागदाचा नमुना करायचं काम माझ्याकडे होतं. लोक काही केल्या पेढा भरवल्याशिवाय खाट सोडत नाहीत, हे मी पाहिलेलं. मॅडम ऑपरेशनमध्ये असल्या तर अख्खं कुटुंब चार-चार तास खाटेवर बसून राही आणि नव्या पेशंटला खाली सतरंजीवर झोपावं लागे. म्हणून मी नमुन्यात एक रकाना घातला: 'डॉक्टरांचे तोंड गोड केले: होय / नाही.' रकान्यात 'होय' भरल्याशिवाय कागद छापला जात नाही, अशी सोय केली. मग मॅडम दोन ऑपरेशनांच्या मध्ये येऊन तोंड उघडायला लागल्या, आणि खाटा लवकर रिकाम्या व्हायला लागल्या. मुख्यालयाने मला प्रशस्तिपत्र दिलं, ते माझ्या खुर्चीमागे लावलेलं आहे.

अभियानाच्या नमुन्यात मात्र रोजचा एक प्रश्न होता: 'आज गोड खाल्ले: होय / नाही.' तिथे 'होय' लिहिलं की मुख्यालयाचं पत्र यायचं, आणि माझ्या नमुन्यात 'नाही' लिहिलं की खाट अडायची. आता बोला. मॅडमनी दोन दिवस पेढा नाकारून पाहिला. पहिल्या दिवशी एक म्हातारी रडली. दुसऱ्या दिवशी एका मिलवाल्याने विचारलं, आमचा पेढा हलका आहे काय. प्रशासकसाहेब स्वतः खाली आले आणि मॅडमना म्हणाले, "एकच तर पेढा आहे, मॅडम, लोगों का दिल रह जाता है." मॅडमनी पुन्हा तोंड उघडलं.

तोडगा शेवटी मॅडमनीच काढला, तोही परिपत्रकातून. कलम अकरा म्हणतं, 'महिला चिकित्सकांनी स्वतःच्या सकस आहाराचा रुग्णांच्या कुटुंबांत प्रसार करावा.' मॅडम रोज डबा आणत: कुकरात वाफवलेले मोडाचे मूग, त्यात कांदा, लसूण, थोडं तेल. त्या म्हणाल्या, जो मला पेढा भरवेल त्याने आधी माझ्या डब्यातला एक घास खावा, मग मी त्याच्या पेढ्याचा चतकोर तुकडा खाईन. त्याच्या मुलाच्या नावाने माझं तोंड गोड, आणि माझ्या नावाने त्याच्या पोटात दोन दाणे प्रथिनं. त्यांना ही कल्पना फार आवडली होती. पहिल्या दिवशी त्यांनी डब्यात मूग जास्तीचे आणले, लोकांना पुरायला पाहिजेत म्हणून. चमचेही डझनभर घेतले, नवे.

पहिली पाळी खैरलांजीच्या मैनाबाईंची आली. त्यांची सून मयुरी, लग्नाला नऊ वर्षं, दोनदा पोट खाली झालेलं (म्हणजे गर्भ पडलेला). मॅडम तिच्यासाठी साडेतीन तास उभ्या होत्या. बधिर पायांनी साडेतीन तास, हे इथे नोंदवतो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सुट्टीच्या दिवशी मैनाबाई मॅडमच्या पाया पडल्या, डोळे पुसले आणि पेढा पुढे केला.

"बाई, तुमी माह्यासाठी देव हा. तोंड उघडा."

"उघडते, मावशी. पण आधी माह्या डब्यातला एक घास खा. मंग मी खाते."

मैनाबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, प्रेमलालकडे पाहिलं. "माहा आज उपास हाय, बाई." (अर्ध्या तासापूर्वी कॅन्टीनमध्ये पोहे आणि दोन चहा, मी शेजारच्याच टेबलावर होतो.)

"बरं. प्रेमलाल, तू खा."

"मॅडम, मेरे को गॅस का प्रॉब्लेम है," प्रेमलाल म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मग माझाही पेढा राहू द्या. आणि नवल असं की मैनाबाई रडल्या नाहीत, खाटेवर बसून राहिल्या नाहीत, आमचा पेढा हलका आहे काय असंही कोणी विचारलं नाही. त्यांनी पुडा पिशवीत टाकला, सून आणि नात घेतली आणि दुपारच्या बसने गेल्या. मी रकान्यात 'लागू नाही' असा तिसरा पर्याय घातला आणि कागद छापला. खाट तेरा मिनिटांत रिकामी झाली. हा विक्रम आहे.

नंतरच्या आठवड्यात हेच होत राहिलं. कोणी विचारलं, यात लसूण आहे काय. मॅडमनी लसूण बंद केला. कोणाला कांदा चालत नव्हता, कांदा काढला. कोणी तेलाची चौकशी केली, तेलही गेलं. शेवटी डब्यात मूग, मीठ आणि वरून पिळलेलं लिंबू एवढंच उरलं. त्यातल्या कशाचंही कोणाला वावडं असू शकत नाही, असं मॅडमना वाटलं. उपवास मात्र हटेनात.

सहा महिन्यांची आकडेवारी अशी. एकूण कुटुंबं चारशे बारा. उपवास तीनशे अठरा (माझ्याकडच्या कॅलेंडरमध्ये या काळात एवढे उपवास नाहीत, जिल्ह्यात धार्मिकता वाढली आहे, असा निष्कर्ष मी तात्पुरता काढला आहे). दात दुखतो म्हणणारे एकोणतीस. आत्ताच जेवलो म्हणणारे अठरा. डबा उघडताना बस सुटेल हे आठवलेले दहा. प्रत्यक्षात घास खाणारे सदतीस. या सदतिसांपैकी एकतीस मॅडमच्याच नात्यागोत्याच्या वस्त्यांमधले, आणि उरलेले सहा पाच वर्षांखालची मुलं, ज्यांना अजून कळत नाही. त्या सदतीस जणांच्या पेढ्यांचा चतकोर मॅडमनी खाल्ला, ठरल्याप्रमाणे. बाकीच्या तीनशे पंचाहत्तर कुटुंबांचे पेढे पुड्यातच राहिले.

साखर नऊ पूर्णांक दोनवरून सहा पूर्णांक चारवर आली. हाताच्या मुंग्या थांबल्या. नागपूरच्या डॉक्टरने विचारलं, तुम्ही नेमकं केलं काय. मॅडम म्हणाल्या, डबा उघडला.

इथपर्यंतचं यश पाहून मुख्यालयाने विचारलं की हा उपाय सर्व महिला चिकित्सकांना लागू करता येईल काय. शास्त्राचा नियम असा की उपाय दुसऱ्या माणसावर तपासल्याशिवाय पसरवू नये. दुसरं माणूस म्हणजे डॉ. श्रुतिका मॅडम. त्यांची साखर तेव्हा पाच पूर्णांक नऊ होती, म्हणजे उंबरठ्यावर. लहान मुलं बरी होऊन घरी जाताना त्यांनाही पेढे भरवले जातातच. त्यांनीही तीच अट घातली: आधी माझ्या डब्यातला घास, मग तुमचा पेढा.

निकाल अपेक्षेच्या विरुद्ध आला. लोकांनी श्रुतिका मॅडमच्या डब्यातले मूग आवडीने खाल्ले. एकाने दोन घास घेतले. बायांनी विचारलं की मोड एवढे लांब कसे येतात. मैनाबाईसुद्धा नातीला खोकला झाला म्हणून आल्या होत्या, त्यांनी ओंजळ पुढे केली, खाल्लं आणि म्हणाल्या, "चवदार हाय वं बाई, हाताले गोडी हाय तुमच्या." तो दिवस एकादशीचा होता. मग आनंदाच्या भरात सगळ्यांनी एकाऐवजी दोन-दोन पेढे भरवले. दुपारी एक वाजेपर्यंत डबा रिकामा, मॅडम उपाशी, आणि पोटात फक्त पेढे. तीन महिन्यांत श्रुतिका मॅडमची साखर सहा पूर्णांक आठवर गेली आणि त्यांच्यावरचा प्रयोग थांबवावा लागला.

त्या डब्यातलं मीही खाल्लं आहे. तपासणी म्हणून सुरुवात केली, मग रोज दोन चमचे. मूग खरोखर चांगले होते.

फरकाचं कारण शोधण्यासाठी मी दोन्ही डब्यांची चौकशी केली. मूग तेच असावेत, लिंबू तेच असावं, हे शास्त्रासाठी गरजेचं होतं. चौकशीत असं निष्पन्न झालं की श्रुतिका मॅडमना स्वयंपाकाला वेळ नसतो, त्यामुळे त्यांचा डबाही आम्रपाली मॅडमच घरून आणतात. एकाच कुकरातून, सकाळी साडेसहाला, दोन सारख्या डब्यांत भरून. वाटेत डबा हातबदल होतो, एवढाच फरक. म्हणजे जिल्हाभराने आम्रपाली मॅडमच्या हातचंच खाल्लं, फक्त त्यांच्या हातातून नाही. ही माहिती मिळाल्यापासून माझी ॲसिडिटी वाढली आहे आणि मी श्रुतिका मॅडमच्या खोलीत जेवायला जाणं बंद केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचं मला आढळलं नाही.

अहवालाचा शेवटचा रकाना 'यशाचे कारण' हा होता. मी तो भरत असताना आम्रपाली मॅडम माझ्या खोलीत आल्या. त्यांची खोली माझ्या शेजारची, एकोणीस वर्षं. माझ्या दोन्ही मुली त्यांच्याच हातून झाल्या. माझ्या घरचे चार पेढे त्यांच्या सव्वासहा क्विंटलांत आहेत.

"काय लिहून राह्यले, हेमराजभाऊ? कारण?"

"हौ मॅडम. जनजागृती."

"कोणाची?"

मी पेन खाली ठेवला. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. मॅडम सहसा बसत नाहीत, म्हणून मला जरा अवघडल्यासारखं झालं.

"माही साखर उतरली," त्या म्हणाल्या. "बोटं जाग्यावर आली. मले आनंद व्हायले पायजे ना? होऊन नाही राह्यला, भाऊ. रडू येते. माही माय उकव्याले राहे, तवा तिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. माय म्हणे, तू डॉक्टर हो, मंग लोक घेतीन. मी डॉक्टर झाली. एकोणीस वर्षं लोकाइनं माह्या तोंडात पेढा घातला, आन् मले वाटे, मायचं म्हणणं खरं झालं. माह्या हातून त्याइनं काहीच घेतलं नव्हतं. पेढ्याच्या गोडीत मले दिसलंच नाही ते."

"लेकरं तं घेतले, मॅडम," मी म्हणालो. मला ते सुचलं तसं बोललो.

"हौ. लेकरं घेतले. त्याइले इलाज नव्हता."

मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला, माझ्या अहवालाच्या शेजारी, आणि झाकण काढलं. डझनातला एक चमचा पुसून माझ्यापुढे धरला. चमचा त्यांच्या बोटांत घट्ट होता; अभियानापूर्वी त्याच बोटांना मुंग्या येत, हे मी वैद्यकीय सुधारणा म्हणून नोंदवतो.

"घ्या, भाऊ. एक घास."

"मॅडम, मले ॲसिडिटी हाय."

"मुगाची?"

"हौ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोललो असतो. मग त्यांनी चमचा स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला आणि झाकण लावलं. "लिहा मंग," त्या म्हणाल्या. "जनजागृतीच लिहा." तेवढ्यात राखी सिस्टर बोलवायला आल्या. वारासिवनीची एक बाई अडली होती, आणि मॅडम डबा तिथेच ठेवून निघून गेल्या. तो डबा संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर होता. मी त्याला हात लावला नाही. शिपायाकडून उचलवला.

आता शिफारशी. साखर उतरवण्याचा हा उपाय स्वस्त आहे, देशी आहे, त्याला औषध लागत नाही आणि त्याचा दुष्परिणाम फक्त त्या डॉक्टरलाच होतो. मुख्यालयाची इच्छा आहे की तो सर्व शाखांत राबवावा. मात्र श्रुतिका मॅडमच्या अनुभवावरून दिसतं की तो प्रत्येक महिला चिकित्सकाला मानवत नाही, तेव्हा योग्य डॉक्टर निवडणं महत्त्वाचं आहे. निवडीचा निकष काय, असं मुख्यालयाने विचारलं. आमच्या कायदा सल्लागारांनी कळवलं की तो निकष कागदावर लिहिता येणार नाही, तो गुन्हा ठरेल. मला त्याची गरजही वाटत नाही. तुम्ही महाराष्ट्रातले लोक, तुमच्याकडे असलं काही उरलेलं नाही हे मी ऐकून आहे. तरी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. या संपूर्ण अहवालात मी कोणाचं आडनाव दिलेलं नाही आणि कोणाची जात लिहिलेली नाही. तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचत आलात, आणि मध्ये कुठेही अडला नाहीत.